उस्तादांचा कान

आमच्या ह्यांना सगळे उस्ताद म्हणतात. खाली गॅरेज, वर आमचं घर. कार्बोरेटरचं ट्युनिंग करावं तर ह्यांनीच. इंजिन तापवायचं, डोळे मिटायचे आणि स्क्रू फिरवत नुसतं ऐकायचं. मीटर नाही, बीटर नाही. तोरा मात्र असा, की त्या वेळी शेजारी कोणी शिंकलं तरी हाकलून देतील.

गेल्या वर्षभरात ह्यांना ऐकू कमी यायला लागलं. दूधवाला दार बडवून निघून जातो आणि हे ढिम्म. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, तूच पुटपुटतेस. मी! माझा आवाज चौथ्या घरात जातो हो.

मग एका निवृत्त पोस्टमनची मोटारसायकल आली. एक्सिलेटर पिळला की पिकअप घ्यायच्या ऐवजी आचके देऊन बंद पडायची. ह्यांनी ट्युनिंग केलं. दुसऱ्या दिवशी पोस्टमन गाडी ढकलत परत. पुन्हा केलं, पुन्हा परत. चढावर नेमकी बसकण मारते म्हणाले. ह्यांनी खापर फोडलं पेट्रोलवर. पडले तरी नाक वर! तिसऱ्या खेपेला मात्र पोस्टमन ओशाळत म्हणाले, आता दुसरीकडे दाखवून बघतो.

मी जिन्यातच होते. राग यायचा तो आलाच. पण हे काम गेलं तर ह्या माणसाजवळ उरणार काय? तडक खाली गेले आणि पोस्टमनांकडून अर्धा तास मागून घेतला.

ह्यांनी इंजिन चालू करून रेस दिली. दर वेळी बारीकशी उचकी लागत होती. हवा जास्त, पेट्रोल कमी. इतकी वर्षं पायाखाली इंजिनं वाजल्यावर एवढं भिंतींनाही कळेल. तसं मी बोलून दाखवलं. वाटलं, आता खेकसतील. पण ह्यांनी मान खाली घातली.

"मला ती उचकी ऐकूच येत नाही गं. तू सांग, कुठे थांबायचं."

मी स्टुलावर बसले. हे केसभर केसभर हवेचा स्क्रू आत घेऊ लागले, नजर माझ्या तोंडावर. उचकी विरली, आवाज एकसारखा झाला.

"बस्स," मी म्हटलं.

पोस्टमन चढ चढून गेले, मध्ये एकदाही न थांबता.

लग्नाला एकतीस वर्षं झाली. मीठ कमी खा, पोरांवर ओरडू नका, माझ्या एका शब्दावर हा माणूस कधी थांबला नव्हता. त्या दिवशी एका 'बस्स'वर थांबला, आणि मला रडूच कोसळलं.