जाळरेषेच्या बाहेर

आमची गाय जळाली तेव्हा मी कुसगावच्या एका हॉटेलात धुलाईच्या यंत्रात चादरी भरत होते. शेजारणीचा फोन आला. शेअर जीप धरून कुरवंड्याला पोहोचेपर्यंत गोठ्याची राख झाली होती. गाय गाभण होती. मोकळी सुटली की खालच्या बंगल्यांच्या बागांत शिरायची, लोक तक्रारी घेऊन यायचे. म्हणून त्या सकाळी दाव्याऐवजी मीच तिला साखळीनं बांधलं होतं. दावं असतं तर जळून तुटलं असतं आणि ती पळाली असती. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. मीच स्वतःला रोज सांगत राहिले.

आग माझ्या चुलत दिरानं लावली होती. आमच्या घराखालचा उतार त्याचा. जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं असं म्हणत तो दर उन्हाळ्यात तिथं काडी लावायचा. त्या दुपारी काडी लावली आणि तो घरी जेवायला गेला. मोळी घेऊन उतरणाऱ्या वरच्या वाडीतल्या एका मावशीनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं मला सांगितलं, पण चारचौघांत बोलायला ती तयार नव्हती. तिच्या घरचे त्याच्याच शेतावर मजुरीला जायचे. पंचनाम्याच्या वेळी तो स्वतः पुढं झाला, कुणा पर्यटकानं सिगारेट टाकली असेल म्हणाला आणि पंच म्हणून खाली सही केली. कारणापुढं 'अज्ञात' असं लिहिलं गेलं.

घरातलंच माणूस आहे, सोडून दे, असं नवरा म्हणाला. मी सोडलं नाही. त्याच्या मुलीच्या हळदीला सगळं गाव गेलं, मी दार लावून घरात बसले.

पुढच्या थंडीत वनखात्यानं शाळेच्या पडवीत वणवा विझवायचं दोन दिवसांचं शिबिर ठेवलं. पुरुष चहा-पोह्यांपुरते येऊन गेले. मी मात्र हॉटेलातून रजा काढून दोन्ही दिवस पहिल्या रांगेत बसले. खरं सांगते, मी जंगल वाचवायला गेले नव्हते. आग कशी चालते ते मला शिकायचं होतं, म्हणजे एक दिवस ती त्याच्या दारात नेता आली असती.

शिकवायला वनरक्षक बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. आग चढावर पळते, उतारावर रांगते, हे त्यांनी सांगितलं. दुपारी वारा दरीतून वर येतो, त्या वेळी आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही. अंगावर सुती कापड हवं, नायलॉनची साडी नको. हिरव्या डहाळीनं झोडपताना ती वर उचलून आपटायची नाही, दाबून ओढायची, नाहीतर ठिणग्या उडतात. आणि आग यायच्या आधीच, थंडीत, गवत कापून जमिनीचा उघडा पट्टा तयार ठेवायचा. ती जाळरेषा. आग तिथवर येते आणि खायला काही नाही म्हणून थांबते.

आग कुठून सुटली ते मागाहून कळतं का, असं मी त्यांना विचारलं. त्या मला उतारावर घेऊन गेल्या. चढाच्या बाजूला खोडावर काळं जास्त उंच चढतं, हे त्यांनी ऐनाच्या एका झाडावर हात ठेवून दाखवलं. त्या गेल्यावर मी एकटीच एकेक खोड बघत खाली उतरले. काळं संपलं ते दिराच्या बांधाच्या कोपऱ्यावर. मला ठाऊकच होतं. तरी तिथलं शेवटचं खोड मी पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

त्याच्या वैरणीच्या गंजीला कुठून काडी लावायची हे मला आता नेमकं कळत होतं. पण त्याच जागेवरून वर पाहिलं तर आगीच्या वाटेत पुढं वरची वाडी होती. तिथं मावशीचं घर होतं, लेकरं होती. काडी लावायचा बेत मी तिथंच सोडला. राग सोडला नाही.

शिबिरानंतर वणवा विझवायला गावाचा गट झाला, त्याची प्रमुख मला केलं. जानेवारीत रेष कापायला दिरालाही निरोप गेला. बायकांचं खूळ आहे, असं म्हणून तो आला नाही. मग रेष कुठून न्यायची ते मी ठरवलं. त्याचा गोठा आणि गंजी खाली, रेषेच्या बाहेर ठेवली. वनरक्षक बाईंनी विचारलं तेव्हा, त्यांचे ते करतील, इतकंच म्हणाले.

मार्चमध्ये एका दुपारी नागफणीच्या कड्याकडून, खालच्या अंगानं आग आली. आम्ही दहाजणी रेषेवर उभ्या राहिलो. त्याची बायको, माझी जाऊ, खालून धावत आली. "ताई, बैलं आत बांधल्यात," एवढंच तिला बोलता आलं.

आगीच्या पुढं एकटीनं जायचं नाही, हा शिबिरातला पहिला धडा. मी कोयता घेऊन एकटीच उतरले. दोन बैल आणि एक कालवड, तिघांची दावी तोडली आणि त्यांना हाकत वर आणलं. जनावरांशी माझं वैर नव्हतं.

तेवढ्यात दीर आला. गंजी वाचवायला खाली चला, म्हणून तो बायकांना हाका मारू लागला. दोघी निघाल्यासुद्धा.

"कुनीबी रेष सोडायची न्हाई," मी म्हणाले.

तो माझ्याकडं वळला. "वैनी, वरसाची वैरन हाय."

"दिसतंय मला."

त्या दोघी परत फिरल्या. तो बादली घेऊन एकटाच खाली गेला आणि धगीनं मागं आला. गंजी पेटली, मग गोठा. आग रेषेपाशी येऊन थांबली, वरची वाडी वाचली. मी मान वळवली नाही, सगळं बघितलं. तेव्हा मला दया आली असं लिहायला बरं वाटलं असतं, पण ती आली नाही. वर्षभर पोटात धरलेलं काहीतरी सैल झालं, एवढंच.

चारजणी खाली गेल्या असत्या तर कदाचित गंजी वाचली असती, आणि कदाचित रेष हातची गेली असती, असं वनरक्षक बाई नंतर म्हणाल्या. बोलताना त्या माझ्या चेहऱ्याकडं जरा जास्तच वेळ बघत होत्या. 

आठवडाभरानं दीर दारात आला. मी त्याला आत या म्हटलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच तो म्हणाला, "त्या वर्सी आग मीच लावलती."

"ठाऊक हाय मला. पंचनाम्यावर सही बी तुमचीच हाय."

पुढच्या वेळी रेष गोठ्याच्या खालून घ्या, असं तो मान खाली घालून म्हणाला. घेईन, पण आता जे मला सांगितलं ते पुढच्या थंडीतल्या शिबिरात सगळ्या गावासमोर सांगायचं, असं मी बजावलं.

थंडीत त्यानं ते सांगितलं. टोपी हातात घेऊन, दोन वाक्यांत. नवरा जमिनीकडं बघत होता, जाऊ पदराआड रडत होती. मागच्या लोकांना ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा, असं मी म्हणाले. त्यानं पुन्हा सांगितलं. मागं बसलेल्या मावशीनं माझ्याकडं बघून हळूच मान डोलावली.

आता रेष त्याच्या नव्या गोठ्याखालून जाते. कामाच्या वाटण्या मी करते आणि सगळ्यांत खडा चढ दर वर्षी त्याला देते. तो मुकाट्यानं तिथलं गवत कापतो. आता पुरे कर, असं नवरा म्हणतो. बघू, असं म्हणून मी पुढच्या माणसाचं नाव पुकारते.