जिन्याच्या वळणावरचे व्याही

परमेश्वराचे मन वळवायचे तर लोक देवळात जातात; नगरसेवकाचे वळवायचे तर सारे मुलुंड आमच्या व्याह्यांकडे येई. माझ्या मुलीचे हे सासरे गिरणी बंद पडल्यापासून पालिका कचेरीच्या जिन्यात उभे असत, आणि मी खाली फाटकाशी लोकांचे अर्ज लिहीत बसे.

लोक त्यांना 'लॉबीवाले' म्हणत. मी नित्य लेखणी चालवणारा. तरीही या शब्दाचे मूळ मला त्यांनीच सांगितले. "विलायतेत कायदे करतात ना, त्या सभागृहाबाहेरच्या दालनाला लॉबी म्हणतात. आत मतवाले, बाहेर गरजवाले. येता-जाता गाठायचं. जागेचं नाव माणसांना चिकटलं, व्याही!" आमच्या कचेरीला दालन नव्हते, म्हणून त्यांनी जिन्याचे वळण पत्करले. तेही केवळ उतरणाऱ्यांसाठी. "चढताना तो साहेब असतो, उतरताना कुणाचा तरी मुलगा." कामाविषयी मात्र ते चकार शब्द काढत नसत. संधिवात, मुलीचे स्थळ, गावचा फणस, एवढेच बोलत.

मासळीवाल्यांना बाजारातून उठवून नाल्यापलीकडे बसवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा मी अत्यंत भारदस्त अर्ज लिहिला. तो कुणी वाचल्याचे ऐकिवात नाही. सभेच्या दिवशी मीही फाटक सोडून जिन्यात आलो होतो. मासळीवाल्यांतली थोरली मावशी तिथेच व्याह्यांवर कडाडली, "काका, गोड बोलणं पुरे! उद्या टोपली कुठं ठेवू, ते बोला ना!"

तेवढ्यात नगरसेवक चहासाठी खाली उतरू लागले.

"साहेब, आईंचा गुडघा काय म्हणतो?"

"तसाच. तरी मासळी आणायला स्वतःच जाणार."

"जाऊ द्या की! स्वतः निवडलेला बांगडाच गोड लागतो." व्याह्यांनी वाट द्यायला अंग चोरले. "फक्त नाल्यावरच्या फळीवरून त्यांचा हात धरायला कुणीतरी पाठवा हां."

साहेबांचा पाय पायरीवरच अडखळला. "आयला! म्हातारी मला घरात घेणार नाही!" आणि चहा न पिताच ते माघारी वर गेले.

प्रस्ताव बारगळला. बायकांनी हार साहेबांना घातला; व्याही गर्दीच्या मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला राहवेना. "अहो, हे काम तुमचं!"

"गप बसा, व्याही. आपणच केलं असं त्याला वाटलं, म्हणून झालं."

आता ते नाहीत. मावशी मात्र आपल्या जागी बसून गिऱ्हाइकांवर खेकसते, "परवडत नाय तर चालू लाग!" मी मासे खात नाही. तरीही ते ऐकत तिथे जरा वेळ उभा राहतो.