तळ्याभोवती जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊइतकी सुखी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही, आणि तिच्या खालच्याच मजल्यावर राहायची पाळी माझ्यासारख्या बाईवर येऊ नये. मला तिचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. लपवून उपयोग नाही, आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत वॉचमनपासून सगळ्यांना ते ठाऊक आहे. हेवा तिच्या घराचा किंवा दागिन्यांचा नाही. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, नांदगावच्या शेतकऱ्याची ही लेक दर रविवारी सकाळी सायकल घेऊन शहराबाहेरच्या राखीव जंगलात जायची, तिथल्या तळ्याभोवती दगडधोंड्यांतून तीन फेऱ्या मारायची, आणि दहा वाजता असा चेहरा घेऊन परत यायची की बघणाऱ्याला आपलं आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटावं.

गंमत म्हणजे ते तळं तिला दाखवलं मीच. घरची सगळी मिळून आम्ही डबे घेऊन तिथे गेलो होतो. मी हौसेने पक्ष्यांचं पुस्तक आणि दुर्बीण नेली होती. बाकीचे जेवून आडवे झाले आणि ही एकटीच काठाकाठाने जाणारी लाल मातीची वाट बघत उभी राहिली. "इथं सायकल मस्त पळंल," ती म्हणाली. मी हसले. पुढच्या रविवारी तिने पार्किंगमध्ये गंजत पडलेली मुलाची गियरची सायकल बाहेर काढली. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला होता आणि सायकल भंगारात द्यायला तिचा जीव होत नव्हता. त्या सायकलला एकवीस गियर होते. हिने पहिल्या दिवशी जो लागलेला होता तोच कायम ठेवला. बाकीच्यांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, "असू दे की. पाव्हणे आले तर लागतील." ब्रेकशीही तिचं फारसं जमत नसे. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला एक खडकाळ उतार आहे, तिथे भलेभले सायकल हातात धरून चालत उतरतात. ही दीरांचा जुना शर्ट, खाली सलवार आणि वेणीवर बसवलेलं हेल्मेट अशा थाटात तिथून सरळ खाली जायची. "ब्रेक दाबला की आपण घाबरलोय हे आपल्याला कळतं," असं तिचं म्हणणं. "नाय दाबला तर कळतच नाय."

तिथे रविवारी तरुण मुलामुलींचा एक गट यायचा. घट्ट कपडे, काळे चष्मे, पाठीवर पाण्याच्या पिशव्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी हिच्याकडे बघून हसू दाबलं. दुसऱ्या आठवड्यात हिने त्यांना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकाचा भारीतला टायर दगडाने चिरला आणि सगळे त्याच्याभोवती हताश उभे राहिले, तेव्हा हिने पिशवीतून धुतलेली दुधाची पिशवी काढली, तिची घडी टायरच्या आतून चिरेला लावली, हवा भरली आणि म्हणाली, "जा आता घरापर्यंत. उड्या मारू नको." महिन्याभरात काकू त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन झाल्या. गेटवरचा वनरक्षक माझ्याकडून ओळखपत्र मागायचा आणि हिच्याकडून लिंबाचं लोणचं. पक्षीसुद्धा तिच्याच बाजूचे. मी दुर्बीण लावून तासभर बसले तर एक खंड्या दिसणार, तोही पाठमोरा. ही घाम पुसायला थांबली की समोरच्या वठलेल्या झाडावर भलामोठा मासेमार गरुड येऊन बसणार, आणि ही मला विचारणार, "ही घार जरा जास्तच मोठी नाय का गं?"

हेही सगळं मी सोसलं असतं. पण एका रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, "वहिनींकडून जरा काहीतरी शिक." आता कॉलेजात असताना सायकलच्या शर्यतीत मी दुसरी आले होते. ही गोष्ट लग्न ठरताना सासरच्या मंडळींना कौतुकाने सांगितलेली होती, आणि नंतर माझ्याशिवाय सगळे ती विसरून गेले होते. मी घास तसाच ठेवून उठले आणि त्याच आठवड्यात नवीकोरी सायकल घेतली. शाळेत शिकवून आल्यावर रोज संध्याकाळी मागच्या मैदानात गुपचूप सराव केला. एकवीसच्या एकवीस गियर पाठ केले.

महिन्याने मी तिला म्हटलं, "ताई, या रविवारी मीही येते." तिला इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. मला फक्त एकदा, सगळ्यांच्या देखत, तिच्या पुढे जायचं होतं.

दोन फेऱ्या मी तिच्या मागे राहिले. तिसऱ्या फेरीत तो खडकाळ उतार आला. ग्रुपची मुलं खाली वळणावर पाणी पीत उभी होती. मी दात आवळले, गियर बदलला आणि तिच्या डाव्या बाजूने पुढे घुसले. पाचसहा क्षण मी खरोखर पुढे होते. तेवढ्यात मला आपण घाबरलोय हे कळलं आणि मी दोन्ही ब्रेक एकदम दाबले. सायकल जागेवर थांबली, मी थांबले नाही. वाटेकडेच्या हिवराच्या काटेरी झुडपाने मला झेललं.

जाऊबाईंनी मुलांना हाताने पुढे पिटाळलं, मला सावलीत बसवलं, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि माझ्या दंडातले काटे एकेक करून काढायला घेतले. मी रडत होते, पण काट्यांमुळे नव्हे.

"माझ्या भावाला बापाने सायकल आणली होती," ती खाली मान घालून म्हणाली. "मला नाय आणली. पोरीला कशाला, म्हणे. मी वर्षभर रोज तिच्या चाकातली हवा सोडायचे."

"का हो?"

"जळायचे. दुसरं काय?" तिने एक काटा उपटला. "तू बरी. तू एकदाच सोडलीस."

मी हात मागे ओढला. तीन महिन्यांपूर्वी एका शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये कुणी नाही असं बघून मी खरोखरच ते केलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पंपाने भरली की हवा. एकदा चालतं तेवढं. हात सरळ कर."

घरी आल्यावर माझ्या पट्ट्या बघून सगळे गोळा झाले. मी काही बोलायच्या आत हिनेच सांगून टाकलं की तिचं चाक घसरलं आणि तिला सावरायला जाताना मला लागलं. ग्रुपच्या मुलांनीही बहुधा तिच्याच सांगण्यावरून तोंड उघडलं नाही. आमच्या ह्यांनी दोन दिवस मला हातात चहा आणून दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच सायकलवरून माझं कौतुक झालं आणि तेही तिनेच मला दिलेलं होतं. या गोष्टीचा मला जितका राग आला तितका हवा सोडतानाही आला नव्हता.

त्यानंतर मात्र आम्ही दोघी जायला लागलो. दोन वर्षं एकही रविवार चुकवला नाही. ती पुढे, मी मागे, आणि वाटेत तिची अखंड बडबड. मग गेल्या वर्षी नांदगावला तिची आई अंथरुणाला खिळली. भाऊ परदेशात. "मीच जाते," असं म्हणून ही एका सकाळी दोन पिशव्या घेऊन बसमध्ये बसली. दीर शनिवारी जाऊन येतात, ही येत नाही. म्हातारीला तिच्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी चालत नाही.

मी अजून जाते. फेऱ्या संपल्या की काठावर बसून तिला फोन करते. पहिल्या खेपेला मी अगदी चवीने सांगितलं होतं. "ताई, तळं काठोकाठ भरलंय. बदकं उतरलीत. उतारावर आज मी एकदाही पाय टेकला नाही." मग ती म्हणाली, "बरंय बाई तुझं."

तो सूर मी ओळखला. कितीतरी वर्षं मी त्याच सुरात बोलत आले होते. तिने एकदा तरी माझ्यावर जळावं म्हणून मी काय काय केलं होतं, आणि आता ती जळत होती तर मला तिथे बसवेना.

परवाच्या रविवारी तिने विचारलं, "आज कसं होतं गं?" समोर कोवळं ऊन पाण्यावर पसरलं होतं आणि नुकताच एक थवा वर उठून पुन्हा खाली बसत होता.

"काही खास नाही हो," मी म्हटलं. "पाणी आटलंय. वाटेवर नुसता चिखल. कुणी येतसुद्धा नाही आता."

"खोटं बोलू नको. पाखरं ओरडतायत तिथं, मला ऐकू येतंय." मग ती हळूच म्हणाली, "काय बोलू नको. फोन तसाच धर थोडा वेळ."

मी फोन तळ्याकडे केला आणि हात भरून येईपर्यंत तसाच धरून ठेवला.