खरेदीला जवाई

झरी जामणीकडच्या आमच्या गावात बायका जंगलातून धावड्याचा डिंक आणतात. बायकांच्या गटानं माल एकत्र करायचा आणि पांढरकवड्याच्या व्यापाऱ्याचा माणूस आला की त्याच्यासमोर निवड करायची: पांढरा एका ढिगात, तांबडा दुसऱ्यात. पांढऱ्याला भाव, तांबडा मातीमोल. गटाच्या वतीनं ढिगापाशी माझी आई बसायची. तिला बसवलं होतं ते तिच्या तोंडासाठी. व्यापाऱ्याचा जुना माणूस चांगला डिंक तांबड्यात सारायला लागला की आई कडाडायची, "तांबडा? डोये तांबडे झाले तुहे, बुढ्या. घरी जाऊन धुऊन ये." बायका हसायच्या, बुढाही हसायचा आणि डिंक मुकाट परत पांढऱ्यात यायचा.

मग व्यापाऱ्यानं माणूस बदलला. नवा माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा.

गावाला केवढा आनंद! आपलाच जवाई. बायकांनी त्याच्यासाठी बाज टाकली, चहात साखर सढळ हातानं घातली. "आता कोन नावं ठेवते आपल्या मालाले?"

आमच्याकडे सासू जवायापुढं तोंड उघडत नाही. आईनं डोक्यावरून पदर ओढला, पाठ फिरवली आणि ढिगापाशी तशीच बसून राहिली. भाऊजी मुठीमागून मूठ तांबड्यात सारत राहिले. बाकीच्या बायका आईकडे बघत होत्या, कारण बोलायचं काम तिचं.

मग मी बोलले. "भाऊजी, हा पांढरा आहे. परत टाका."

"काहून वं साळीबाई, हिस्सा पाह्यजे का तुले?"

"मी मजाक नाही करून राह्यली."

"तुह्या लग्नात देतो ना पांढरा. पोतंभर देतो, तुह्या नवऱ्याले लाडू खाऊ घाल."

सगळ्या हसल्या. ज्यांचा डिंक तांबड्यात चालला होता त्याही हसल्या. साळीनं भाऊजीला काहीही बोलावं, ते थट्टेतच जातं. सासूनं बोलायचं नाही आणि साळीचं कुणी ऐकायचं नाही. व्यापाऱ्याला कुणीही माणूस मिळाला असता. त्यानं नेमका हा निवडला. हा योगायोग होता असं मला कुणी सांगू नये.

थोड्या दिवसांत आईबद्दल कुजबुज सुरू झाली. "लेकीचं घर सांभाळून राह्यली मावशी." खरं की खोटं, कोण ठरवणार? एकच नातं विकणाऱ्याकडेही आणि घेणाऱ्याकडेही बसलं की माणसाच्या गप्प बसण्याचा हवा तो अर्थ लावता येतो.

मी डिंक वेचणाऱ्या बायकांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. गटाच्या बैठकीत मी सरळ मांडलं: व्यापाऱ्यानं माणूस बदलावा, नाहीतर त्या माणसाच्या नात्यातल्या कुणी निवडीला बसू नये. सगळ्यांना पटलं. पण व्यापाऱ्याला सांगणार कोण? आमच्याकडे दुसरा व्यापारी येत नाही. "तो म्हनन, नको तुमचा डिंक. मंग?" मी म्हटलं, मी जाते. गेले. त्यानं दुकानात मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, घरचा माणूस दिला तुम्हाला. अजून काय पाहिजे?"

म्हणजे नियमाचा उरलेला अर्धा भागच काय तो लागू झाला. पुढच्या खरेदीला गटाची अध्यक्ष आईला म्हणाली, "तू उठ मावशी आता. राग नको मानू." आई उठली. तिच्या जागी बसलेली बाई दोनदा बोलली. भाऊजींनी डोळे वटारले, तशी तीही गप्प झाली.

नियम बरोबर होता, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण नियम चालतो तो जिथवर आपला हात पोचतो तिथवरच. व्यापाऱ्यापर्यंत आमचा हात पोचला नाही, आईपर्यंत पोचला.

आई अजून डिंकाला जाते. आपलं गाठोडं ढिगावर ओतते आणि सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहते. परवा खरेदीवरून परत येताना मी तिला म्हटलं, "आपण पुन्हा निवेदन देऊ. सगळ्या मिळून जाऊ त्याच्या दुकानात."

तिनं गाठोड्याचं रिकामं फडकं झटकून खांद्यावर टाकलं.

"दे," म्हणाली. "तुहा नेम खराच आहे. पण बाई, मले ढिगापाशी बसनं आवडे."