अंदमानची शिडी

अंदमानला मी निघाले ती आमच्या गॅलरीतल्या शिडीवरून. विमान नंतर आलं.

काळाचौकीतल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. खोलीला पोटमाळा आणि माळ्यावर चढायला लाकडी शिडी. लग्न होऊन आले तेव्हापासून गणपतीचं मखर, पाहुण्यांच्या गाद्या, लोणच्याची बरणी, सगळं मीच चढवत-उतरवत आले. सत्तरी ओलांडली, उजवा गुडघा कुरकुरायला लागला आणि ठाण्याला राहणाऱ्या माझ्या लेकाने, समीरने, एका रविवारी ती शिडी उचलून गॅलरीच्या कठड्याला सुतळीने बांधून टाकली. "आई, आता माळ्यावर चढायचं नाही." मी पस्तीस वर्षं शाळेत पोरांना पाढे शिकवले आहेत. मला कोणी 'नाही' म्हटलं की मी ऐकून घेते आणि मनातल्या मनात लाल शाईचं पेन उघडते.

त्याच आठवड्यात मी अंदमानला जायचं ठरवलं. जन्म मुंबईत गेला, पण समुद्रात गुडघ्यापलीकडे कधी उतरले नव्हते. मासा पाहिला तो टोपलीत, नाहीतर ताटात. एकदा तरी त्याच्या घरी जाऊन त्याला बघायचं होतं.

समोरच्या खोलीतल्या कमळला सांगितलं. ती मालवणची, माझ्याहून चार वर्षांनी लहान. "अंदमानाक? काय गुन्हो केलंस गो?" म्हणाली आणि पोट धरून हसली. हसून झाल्यावर म्हणाली, "मी पण येतंय. पण पाण्यात उतरूचंय नाय."

समीर मात्र हसला नाही. "सिद्धिविनायकाला गाडीने नेतो की. दोघी म्हाताऱ्या बोटीत कशाला?" महिनाभर घोळ घातला त्याने. शेवटी अट घातली. "पाण्यात उतर. पण बाहेर येताना तुला कुणी ओढून काढावं लागलं, तर चाळ सोडून ठाण्याला राहायला यायचं. आणि साक्ष कमळमावशीची, तुझी नाही." मी लगेच हो म्हटलं. 

दादरच्या एका सहल कार्यालयात गेले. तिथल्या मुलीने ज्येष्ठांची सहल दाखवली: बाग, जेल, काचेच्या तळाची बोट. काचेतून मासे मी शाळेच्या सहलीत मत्स्यालयात चिक्कार बघितलेत. तिकिटं तेवढी तिच्याकडून घेतली, समुद्र शांत असतो म्हणून जानेवारीतली. बेटावरच्या होडीवाल्याचा नंबर मिळवून फोन मात्र मीच केला. बिप्लब त्याचं नाव. विचारलं, "पाण्यातून वर यायला सीढी है? उसको पायऱ्या कितने?" पलीकडे त्याने मोजले. मग म्हणाला, "पाँच डंडा है, मासीमा (मावशी). पहली बार कोई पूछा."

आमच्या माळ्याच्या शिडीला सात आहेत. मला तिथेच धीर आला.

परळच्या डॉक्टरांनी गुडघा तपासून नियम सांगितला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मग रोज सकाळी चहा झाला की कमळ आणि मी सुतळी सोडून शिडी गॅलरीच्या भिंतीला लावायचो. मी दहा वेळा चढायचे-उतरायचे, कमळ पायरीपायरीला मोठ्याने आकडे म्हणायची. झालं की शिडी पुन्हा कठड्याला बांधायची. असे तीन महिने गेले.

निघताना कमळने हातातल्या पिशवीत नारळ घेतला होता, समुद्राला द्यायला. विमानतळावर तपासणीत तो काढून ठेवला. कमळ त्या शिपायाला समजावत राहिली, "अहो, समुद्राचो आसा तो." मी तिला ओढत पुढे नेलं. बेटावर उतरलो तर जिकडे बघावं तिकडे नारळीच नारळी. कमळ तोंडावर पदर घेऊन हसली.

बेटावरचं पाणी बघून आम्ही दोघी वाळूतच उभ्या राहिलो. पांढऱ्या वाळूवर आधी काचेसारखं, मग हिरवं, मग मोरपिशी. जेवायला सुरमईचं कालवण मिळालं. नारळ भरपूर, पण तिरफळ नाही. कमळने दहापैकी सहा दिले, मी सात.

दुसऱ्या दिवशी बिप्लबच्या डोंगीत (मोटरच्या लाकडी होडीत) बसलो. अंगात सलवार-कमीज, वर लाइफ जॅकेट, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी. दुखरा पाय आधी टाकत शिडी उतरले आणि पाण्यात तोंड घातलं.

पिवळे, पट्टेरी, निळे, आणि एक चोचीचा हिरवागार मासा पोवळं कुरतडत होता. त्याचा आवाज चक्क ऐकू येत होता, चकली चावल्यासारखा. मला रडू आलं. एकाहत्तराव्या वर्षी मी त्याच्या घरी पोचले होते, माझ्या पायांनी.

मग वर यायची वेळ झाली. पहिली पायरी ठीक. दुसऱ्या पायरीवर कंबर पाण्याबाहेर आली आणि माझी चूक कळली. सराव मी कोरड्या गाऊनमध्ये केला होता. ओल्या सलवारीत बादलीभर पाणी होतं, उजवा पाय वर उचलेना. बिप्लबने वरून हात पुढे केला. "हाथ मत देना," मी म्हटलं. माझी खोली, माझी गॅलरी, सगळं त्या हातात जाणार होतं.

होडीच्या मधोमध फळी धरून बसलेली कमळ उठली. पाण्याला घाबरणारी ती बाई काठावर ओणवी झाली आणि म्हणाली, "पाणी निथळू दे आधी. घाई कित्याक?" मी थांबले. कपड्यांतून धारा गळत राहिल्या, अंग हलकं झालं. मग कमळने गॅलरीतल्यासारखा आकडा लावला. "तीन." डावा पाय टाकला. "चार." दांडे घट्ट धरून पुन्हा डावा टाकला, उजवा मागून ओढला. "पाच." मी होडीत होते. बिप्लबने टाळ्या वाजवल्या. मला स्वतःचा इतका अभिमान निवृत्तीच्या समारंभातही वाटला नव्हता.

परत आलो त्या दिवशी समीर चाळीत हजर. माझ्याकडे न बघता त्याने कमळला विचारलं. ती म्हणाली, "तिका कोणी हात लावूक नाय." एवढंच.

 समीर माझी रिकामी बॅग बघून म्हणाला, "ही माळ्यावर जाते ना?" गॅलरीत जाऊन तो सुतळी सोडायला लागला आणि थबकला. "ही गाठ माझी नाही." कमळ आणि मी रस्त्याकडे बघत राहिलो.

त्याने शिडी आत आणली आणि जुन्या जागी माळ्याला लावली. डावा पाय आधी टाकत मी बॅग घेऊन चढले. खाली समीर उभा होता. त्याने शिडी धरली होती. मला धरलं नाही.