शंकरच्या फिल्मची एकुलती एक प्रत

रीळ उघडून मी फिल्म बोटांतून सोडत होतो. मध्यावर बोट अडकलं. फिल्मच्या कडेला बारीक चौकोनी भोकं असतात. परफोरेशन म्हणतात त्यांना. प्रोजेक्टरचे दाते त्यांत बसतात आणि फिल्म पुढे ओढतात. इथे ती भोकं बरीच लांबपर्यंत फाटली होती.

"कोणता भाग आहे हा?" मी विचारलं.

शंकरने फिल्म उजेडात धरली. "आईचा," तो म्हणाला.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. मी सांगलीच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. शंकर आटपाडीकडच्या धनगराचा मुलगा. महायुद्धात फौजेच्या फिल्म युनिटमध्ये कॅमेरे उचलता उचलता काम शिकला आणि सुटल्यावर दक्षिणेतल्या एका तंत्रशाळेत गेला. तिथे शेवटच्या वर्षी प्रत्येकाला छोटी फिल्म करावी लागे. त्याने आपल्याच घरावर केली. मेंढरं, वडील आणि थोडा वेळ लोकर कातणारी आई. ती फिल्म परदेशातल्या महोत्सवात गेली, तिचं कौतुक झालं. तेवढ्यात इकडे तंत्रशाळेचं गोदाम पेटलं आणि मूळ निगेटिव्ह जळाली. पाठोपाठ शंकरची आई वारली. तिचा साधा फोटोही घरात नव्हता.

म्हणजे परदेशातून परत आलेली ही एकच प्रत. ती बघायला शंकर वडिलांना, बिरूतात्यांना, घेऊन आला होता. मॅटिनीच्या आधी लावायला मालकांनी परवानगी दिली होती.

मी फाटक्या कडेला दुसऱ्या फिल्मची पट्टी फिल्म जोडायच्या सिमेंटने चिकटवली. तरी मन खात्री देईना.

"एकदा चालेल," मी सांगितलं. "दुसऱ्यांदाचं सांगता येत नाही."

अडचण अशी की ती मुंबईला विद्यार्थ्यांच्या फिल्मच्या महोत्सवात जायची होती. तिथे निवड झाली तर एक लॅबोरेटरी नवी निगेटिव्ह करून देणार होती. मग हव्या तितक्या प्रती. आधी मुंबईलाच पाठवा, असा सल्ला मी दिला.

"इथंच लावा," शंकर म्हणाला. "मुंबईचं बघू मागनं."

"न्हाई रं," बिरूतात्या म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आवं मास्तर, धाडा तिकडं. नवी आली की निवांत बघू. ती काय आता कुटं जातीया?"

मी त्यांना भिंग देऊन फिल्म उजेडात धरली. त्यांनी वाकून पाहिलं.

"लय बारीक दिसतीया," म्हणाले आणि भिंग परत दिलं.

शंकर स्वतः रीळ घेऊन मुंबईला गेला. आधी निगेटिव्ह करा, मग फिल्म लावा, असं त्याने परीक्षकांना विनवलं. न बघता निवड कशी करणार, असं ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. माझी पट्टी तिथे सुटली. फिल्म दात्यांत गुंतून बत्तीसमोर थांबली, आणि त्या काळची फिल्म थांबली की पेटायची. ऑपरेटरने यंत्र बंद केलं तोवर आईचा सगळा भाग गेला होता.

उरलेल्या फिल्मची निवड झाली. प्रशस्तिपत्र मिळालं. लॅबोरेटरीने शब्दाप्रमाणे निगेटिव्ह केली आणि कोरी करकरीत प्रत दिली.

ती घेऊन बापलेक पुन्हा सांगलीला आले. बूथमध्ये येऊन शंकरने मला सगळं सांगितलं.

"तात्यांना?"

"न्हाई झालं सांगणं."

मी फिल्म लावली. एक झटका नाही, एक डाग नाही. पडदा पांढरा होऊन मी बूथमधून खाली आलो तरी तात्या पुढे बघत बसून होते.

"पुढं ती हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

शंकर त्यांच्याजवळ खाली बसला आणि मुंबईचं सांगितलं. तात्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून उठले.

"मेंढरं झ्याक आलीत," म्हणाले.

त्या दिवशी मी दिलेला सल्ला धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होता. पुढे कुणी एकुलती एक प्रत घेऊन आलं की मी मात्र वेगळं सांगू लागलो. ज्यांच्यासाठी केली त्यांना आधी दाखवा. परीक्षकांना थांबता येतं.