ती आली, तो आला

माझ्या घरात सवत आली ती पोस्टातून.

लढाई संपून वर्ष उलटलं होतं. आमचे हे मोंबासाला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. लग्नानंतर पाच महिन्यांनी गेले. जाताना म्हणाले, "वरसाच्या आत तुला नेतो." त्याला चार वर्षं झाली. दर पत्रात एकच ओळ यायची : बायकांना आणायचे परवाने बंद आहेत, सरकारी काम आहे, धीर धरावा. मी कर्जत आणि खालापूरच्या मधल्या गावात भात लावत, भात कापत, सासूची बोलणी खात धीर धरत होते. माझी पत्र्याची पेटी कायम भरलेली असायची. दोन लुगडी तर मी बोटीवर नेसायची म्हणून घडीसुद्धा मोडली नव्हती.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पत्र आलं की पोस्टमन ओटीवर बसून वाचून दाखवायचा, चहा प्यायचा आणि पुढे कुंभिवलीपर्यंत ज्याला त्याला आमच्या घरची खुशाली सांगत जायचा. त्या दिवशी ओटीवर सासू-सासरे होते, मी दाराआड उभी होते. पोस्टमनने सुरुवात केली :

"मागील पत्री लिहिले होते ती अखेर आली. विलायतेहून बोटीने आली. पाहताच सगळा शीण गेला. अंगाने थोराड आहे, एकट्याला आवरत नाही, पण इथे तिच्या तोडीची दुसरी नाही. आवाज मोठा आहे, शेजारी कुरकुरतात. रविवारी तिला घेऊन समुद्रावर जातो. आल्यावर स्वतः धुऊन पुसून ठेवतो."

पोस्टमन थांबला. मागील पत्र आम्हाला आलंच नव्हतं.

"धुतो?" सासूने विचारलं.

"धुऊन पुसून, असं लिवलंय."

"मडम केली त्यानं," सासू कपाळाला हात लावून म्हणाली. "इलायतेची मडम केली, आनि तिला आंगोळ घालतोय."

पोस्टमनने त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही, इतकी त्याला पुढे जायची घाई होती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका मला विचारत होत्या, "मडम गोरी आसंल नाय गं?" एक म्हातारी म्हणाली, "बाप्या मानूस, चार वर्सं एकटा, करनार काय?" मी मात्र चार वर्षं एकटी होते आणि मी काय करणार, हे कुणी विचारलं नाही. मी घागर भरली नि घरी आले. पंधरा दिवस माझ्या तोंडात घास फिरत होता.

मग ते मागील पत्र आलं. दोन पत्रं एकमेकांच्या पुढे-मागे निघाली आणि आधीचं नंतर पोचलं. त्यात कंपनीचं एक छापील चित्र होतं. एक साहेब पाय टाकून बसलेला, डोळ्यांना मोठा चष्मा, आणि खाली रेड्याएवढी मोटारसायकल. पोस्टमनने घाईघाईने पत्र चाळलं आणि म्हणाला, "अवो, फटफटी हाय ती! विलायतेहून मागवलीया. बाकी काय, सगळं किरकोळ हाय." सासूने देवापुढे साखर ठेवली. सासरे पोट धरून हसले. विहिरीवरच्या बायका माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. मला मात्र हसू येईना. सगळं गाव माझ्या संसारावर पंधरा दिवस जेवून उठलं होतं, आणि हात धुवायला आता पुन्हा माझ्याच दारात आलं होतं.

त्याच आठवड्यात मी ठरवलं की यापुढे माझं पत्र मी वाचीन. खालापूरला शाळामास्तरांच्या घरी मी दूध घालायची. त्यांच्या बायकोला सांगितलं, तर ती बिचारी खूश झाली. पावसाळाभर रोज तिच्या मागच्या पडवीत अर्धा तास बसायची. बाराखडी, जोडाक्षरं, मग धड्याचं पुस्तक. ऱ्हस्व-दीर्घ मात्र काही केल्या डोक्यात राहायचं नाही. मास्तरीणबाई म्हणायच्या, "राहू दे, अर्थ पोचला म्हणजे झालं."

वाचता यायला लागल्यावर पहिलं काय वाचलं, तर ते मागील पत्र. पेटीच्या तळाशी ठेवलं होतं. एकेक अक्षर लावत दोन दिवस वाचलं. पोस्टमनने किरकोळ म्हणून सोडलेली तीन पानं होती, आणि त्या तीन पानांत गाडी मोंबासात आणायचा परवाना कसा मिळवला ते लिहिलं होतं. अर्ज तीन वेळा नाकारला, तरी चौथ्यांदा केला. साहेबाच्या दारात दोन दिवस बसून काढले. जोडे झिजले. बंदरातल्या कारकुनाला आंबे नेऊन दिले. आणि शेवटी लिहिलं होतं : "माणसाने चिकाटी धरली तर सरकार परवाना देतेच, हे मला आता कळले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मडम असती तर मी रडले असते, भांडले असते, पण समजले तरी असते. लोखंडासाठी हा माणूस साहेबाच्या उंबऱ्यावर दोन दिवस बसला. माझ्यासाठी एक अर्ज केला होता का? कागदावर बायकोचं नाव तरी घातलं होतं का? मी त्या दिवशी भाकरी थापताना परातीवर असे हात आपटले की सासू आत येऊन बघून गेली. या माणसाला आपण रडवायचं, हे मी तिथेच ठरवलं. कसं, ते कळत नव्हतं.

दिवाळीनंतर सासऱ्यांनी कर्जतकडून एक बैल आणला, आणि मला कसं ते कळलं.

आमच्याकडे नवऱ्याला 'ते' म्हणतात, गाडीला 'ती' आणि बैलाला 'तो'. परक्या पुरुषाला बाई 'तो' म्हणायला लागली, तर ऐकणाऱ्याने काय ते समजावं. मी मास्तरीणबाईंकडून कागद घेतला आणि एका बैठकीत लिहिलं :

"तो आला. काळा आहे पण देखणा आहे. अंगाने भरलेला आहे. शेताचं सगळं तोच ओढतो. माझ्या हातचं खातो, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही. मी हाक मारली की मान वर करून बघतो. रोज माझ्या हाताने न्हाऊ घालते. तो आल्यापासून मला एकटं वाटत नाही."

'सगळ्यांना शिंगावर घेतो' असंही लिहिलं होतं, ते खोडलं. बिंग फुटलं असतं. बाकी एक शब्द खोटा नव्हता. पाकिटाला खळ लावताना मला चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

दोन महिने गेले. एका दुपारी मी गोठ्याशी पेंढा टाकत होते आणि हे अंगणात उभे राहिले. डोक्याला टोप, पायात बूट, दाढी वाढलेली. कर्जत स्टेशनपासून चालत आले होते. आईला नमस्कार नाही, बापाला नाही. सासरे ओटीवर सुपारी कातरत होते, त्यांना विचारलं, "कुटं हाय तो?"

सासऱ्यांना वाटलं, मुलाला नव्या बैलाची हौस. "गोठ्यात हाय की," ते कौतुकाने म्हणाले. "बग जा. लई गुनी हाय."

हे दात-ओठ खात गोठ्यात शिरले. मी बाजूला झाले. बैलाने रवंथ करायचं थांबवलं आणि यांच्याकडे बघितलं. यांनी बैलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पेंढ्याची पेंढी सोडत राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या दिवशी भरदुपारी गोठ्यात पाहिलं.

बैलाला परका पुरुष समजून हे मोंबासाहून धावत आले, हे तिन्हीसांजेपर्यंत गावभर झालं. पोस्टमन मुद्दाम वाट वाकडी करून येऊन गेला. विहिरीवरच्या बायका आता पदर लावून यांच्याकडे बघत होत्या. बोटीच्या तिकिटासाठी फटफटी घाईत विकावी लागली होती, हेही कळलं. सासू हळहळली. मला तर त्या दिवशी घरात सण असल्यासारखं वाटत होतं.

जेवणं झाल्यावर हे माझ्याजवळ माजघरात आले. खिशातून माझं पत्र काढलं. घड्या घालून घालून फाटायला आलं होतं.

"बैल ठीक हाय," म्हणाले. "पत्र कुनी लिवलं?"

"मी."

"तुला कुटं लिवता येतंय? मास्तरनं लिवलं का?"

"मी लिवलं."

त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. मग टोपाच्या आतून एक कागद काढला, त्यावर शिक्के होते. "ह्ये बग. तुझा परवाना. तुला आता हितं ठेवायची नाय. आट दिसांत काडला."

आठ दिवस. मी तो कागद हातात घेतला. चार वर्षं मी ज्याची वाट बघितली, तो कागद एका बैलासाठी आठ दिवसांत निघाला होता. माझी पेटी समोरच होती, झाकण उघडून निघायचं तेवढं बाकी होतं. निघावंसंही वाटत होतं, ते खोटं कशाला सांगू? बोट, समुद्र, स्वतःची चूल. पण हा माणूस मला न्यायला आला नव्हता. आपली वस्तू दुसऱ्याने हलवू नये म्हणून उचलायला आला होता.

"आदी मला लिवून दाव," ते म्हणाले. खिशातली पेन्सिल माझ्यापुढे धरली. "काय पन लिव. मग इश्वास बसंल."

मी परवाना उलटा केला आणि त्याच्या पाठीवर लिहिलं, "मि येत नाहि."

त्यांनी कागद कंदिलाजवळ नेला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मराठी सातवीची परीक्षा पास झालेला माणूस. मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "मी दीर्घ आसतो. नाही पन दीर्घ."

मी पेन्सिल परत घेतली आणि खाली पुन्हा लिहिलं. या वेळी दोन्ही दीर्घ.